ताठ मानेचा, मऊ मानेचा

टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर लसूण.
तीन ढीग, आणि एक काडेपेटी.
बाहेर पेइप्सीचं पाणी शिशासारखं पडून आहे.
दहा दिवसांत जमिनीचा दगड होईल
आणि मी, एकावन्न वर्षांचा,
आयुष्यात पहिल्यांदा लसणाचं बी निवडतोय.

आजवर निवडायची फेव्रोनिया.
मी मांडीएवढे उंच वाफे चढवायचो,
तळ्यातला गाळ पाटीपाटीनं आणून ओतायचो,
आणि ती हातात देईल ती कुडी
बूड खाली, शेंडा वर, खोचत जायचो.
कुठली, कशी, कधी विचारलं नाही.
लग्नातही बहुधा असंच केलं.

हा जांभळा, शेजारच्या मकारीकडचा. ताठ मानेचा.
मधल्या दांड्याभोवती सहा जाड कुड्या,
समोवाराभोवती पाहुणे बसावेत तशा.
एक कच्ची चावली तर डोळ्यांत पाणी,
दोन चावल्या तर
खरं बोलावंसं वाटतं.
उणे पंचवीसलाही भीक घालत नाही.
पण घरात आणला की जानेवारीपर्यंत.
मग कोंब,
मग पोकळ,
मग नुसतं टरफल.

हा पांढरा. मऊ मानेचा, वेणी घालून घेणारा.
बारक्या बारक्या कुड्या, सोलताना नखं दुखतात,
तिखटपणा बेताचा.
पण भट्टीमागच्या खिळ्याला टांगला
की मे महिन्यापर्यंत हूं नाही की चूं नाही.
तिला हाच आवडतो.
मात्र हा आत्ता लावायचा नसतो.
हिवाळाभर घरात सांभाळायचा
आणि एप्रिलात, चिखल हाताला चिकटेनासा झाला
की जमिनीत.
तोवर त्याच्यासाठी वाफा राखून ठेवावा लागतो.

तिसरा ढीग तार्तूच्या दुकानातला,
स्पेनहून आलेला, इस्त्री केल्यासारखा.
तो इथं एक रात्र काढणार नाही.
त्याला माशाच्या रश्शात घातला, प्रश्न मिटला.

राहिली काडेपेटी.
आत गव्हाच्या दाण्याएवढी लसणाची बोंडं.
जूनमध्ये आम्ही सगळे तुरे खुडले,
दोनच तिनं मुद्दाम ठेवले होते, वाकून वाकून सरळ होईतो.
ही बोंडं पेरली तर पहिल्या वर्षी
एकेकच गोल कुडी, न फुटलेली.
गड्डा दुसऱ्या वर्षी.
जी बाई वर्षभराच्या करारावर तुर्कूला
इस्पितळाच्या फरशा पुसायला गेली,
तिनं दोन वर्षांचं बी
काडेपेटीत भरून ठेवावं,
आणि वर एक अक्षर लिहू नये?

रविवारी फोनवर विचारलं, कुठला लावू?
म्हणाली, "खाणार तू. तुला आवडेल तो."
मागं कसल्यातरी गाड्याची चाकं करकरली.
कुणीतरी फिनिशमध्ये तिचं नाव घेतलं, अर्धंच.
मग हळूच म्हणाली,
"पांढरा कुजला तर नाही ना?"
"नाही," मी म्हणालो.
"खिळ्यालाच आहे ना?"
"खिळ्यालाच."
पुढं बराच वेळ आम्ही
त्या खिळ्याबद्दलच बोललो.

काल लावण उरकली.
चार वाफे जांभळा, वर कापलेले बोरू अंथरले.
कुंपणालगत बोंडांची एक ओळ,
काडेपेटीचं झाकण काठीला खोचून.
खिडकीखालचा वाफा
खणला, गाळ घातला, सारखा केला
आणि तसाच सोडला.

मकारी कुंपणाशी आला. दाढीत पावाचा चुरा.
"जागा उरली वाटतं?"
"बी कमी पडलं," मी म्हणालो.
तो वाफ्याकडे बघत राहिला,
मग खिशातून पाव काढला,
दोन कुड्या सोलून पुढं केल्या.

मी एकच घेतली.